जंगल वाढलं म्हन्तेत, मंग मोहाचे पोट्टे कुठं हायेत?

परतवाड्याच्या टपरीवर पेपर एकच येतो आणि तो दुपारपर्यंत वीस हातांतून फिरतो. डिसेंबर २०२४ मध्ये देशाचा नवा वन अहवाल आला. देशातलं वन आणि वृक्षांचं आच्छादन वाढल्याची बातमी त्या दिवशी अशीच फिरत फिरत शेळ्या राखणाऱ्या एका काकांपर्यंत पोचली. काकांचं वावर मेळघाटच्या पायथ्याशी आहे. त्यांनी बातमी ऐकली, चहा संपवला आणि मला म्हणाले, "गुरुजी, जंगल वाढलं म्हन्तेत. मंग आमच्या वावराच्या वरच्या टेकडीवर मोहाचं एकही पोट्टं कमून दिसत नाही? बुढे मोह तेवढे हायेत. ते गेले का मंग?"

पोट्टं म्हणजे पोर, मोहाचं पोट्टं म्हणजे त्याचं कोवळं रोप. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो, तरी त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर वाचलं, टेकडीवर जाऊन पाहिलं, जंगलात काम करणाऱ्यांना विचारलं. काकांचा प्रश्न आणि पेपरातली बातमी दोन्ही बरोबर होत्या. ते कसं, ते सांगतो.

कागदावरचं वन

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था साधारण दर दोन वर्षांनी उपग्रहाच्या चित्रांवरून हा हिशेब मांडते. त्यात 'वनाच्छादन' या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे: किमान एक हेक्टर जागा, आणि वरून पाहिलं तर तिच्यातली किमान १० टक्के जमीन झाडांच्या माथ्यांनी झाकलेली. जमीन सरकारी की खासगी, झाड कोणतं, लावलेलं की आपोआप उगवलेलं, हे तिथे विचारत नाहीत. म्हणजे मापात बसली तर अचलपूर-वरुडकडची संत्र्याची बागही त्यात येऊ शकते. ७० टक्क्यांच्या वर झाकण असेल तर 'अति घनदाट', ४० ते ७० 'मध्यम घनदाट', १० ते ४० 'खुलं' जंगल.

यात खोटं काही नाही. उपग्रह आभाळातून पाहतो, त्याला छप्पर दिसतं. मेळघाटातल्या एखाद्या ढाण्याची, म्हणजे छोट्या वस्तीची, कौलं वरून मोजली तर गाव भरलेलंच दिसेल. दिवाळीनंतर तिथली कर्ती माणसं कामासाठी बाहेर गेलेली असतात, घरांत म्हातारे आणि लहान लेकरं उरतात, हे कौलांवरून कसं कळणार? त्यासाठी खाली उतरून दार वाजवावं लागतं.

जंगलाचा पट

शाळेचा पट आठवा. पहिलीत पोरं भरपूर, मग एकेक गळत जातात आणि दहावीला मोजकी बसतात. शाळेत ही गळती म्हणजे दुःखाची गोष्ट. जंगलात मात्र निरोगी पट असाच असतो. समजा एका तुकड्यात बोटाएवढी रोपं हजार असतील, तर मनगटाएवढी झाडं शंभरेक, मांडीएवढी वीस-पंचवीस आणि कवेत न मावणारी दोन-तीन. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण उतरण अशीच लागते. झाडाचा घेर माणसाच्या छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात आणि त्यावरून वर्ग पाडतात. द लिओकुर नावाच्या फ्रेंच वन अधिकाऱ्याने १८९८ मध्ये ही उतरण पहिल्यांदा गणितात बसवली. तेव्हापासून जंगल पाहणारे आधी वर न पाहता खाली पाहतात.

काकांच्या टेकडीवर मोहाची फक्त दहावी आहे. पहिली रिकामी, चौथी रिकामी, सातवी रिकामी. दहावीची पोरं शाळेत आहेत तोवर शाळा चालू आहे असंच वाटतं.

ही तपासणी कोणालाही करता येते. टेकडीवर दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद चौकोन आखा. गुडघ्याखालचं किती, डोक्याएवढं किती, मांडीएवढं किती आणि जात कोणती, एवढंच लिहा. पाच-सहा ठिकाणी असं करा. मी सातवीच्या पोरांना घेऊन गेलो होतो, त्यांना हे गणिताच्या तासापेक्षा लवकर समजलं.

एकावर एक मजले

वयासारखेच उंचीचेही वर्ग असतात. सर्वांत वर साग, ऐन, बिजा, हळदू, मोह यांचं छत. त्याखाली तेंदू, चार (चारोळीचं झाड), आवळा, बहावा. त्याखाली कुडा, मुरडशेंग अशी झुडपं आणि बांबूची रांजी, म्हणजे बेटं. अगदी खाली गवत, कंद आणि पालापाचोळा. प्रत्येक मजल्यावर भाडेकरू वेगळे. रानपिंगळा हा छोटा घुबड ११३ वर्षं कोणालाच दिसला नव्हता. १९९७ मध्ये तो सातपुड्यातच, शहाद्याकडे पुन्हा सापडला आणि नंतर मेळघाटातही दिसला. तो घर करतो ढोलीत. ढोली म्हाताऱ्या झाडालाच असते. म्हणजे दहावीतलं किडकं, पोकळ झाडही पटावर लागतं. 'वाळलं आहे, तोडून न्या' असं सरसकट म्हणण्याआधी त्याच्यात कोण राहतं ते पाहिलेलं बरं.

एका डोंगरावर चार जंगलं

सपाटीवरचं जंगल एकसारखं असू शकतं, डोंगरावरचं नसतं. आपल्याकडे बरड, मुरमाड आणि काळी अशा जमिनींत वेगवेगळं पीक घ्यावं लागतं ना, तसंच. फक्त इथे तिन्ही जमिनी अर्ध्या तासाच्या चढात भेटतात.

मेळघाट म्हणजे काळ्या बेसॉल्ट खडकाचे एकावर एक थर. वरचं पाणी माती घेऊन खाली उतरतं, म्हणून माथ्यावर आणि उभ्या कड्यावर माती इंचांत आणि नाल्याकाठी फुटांत. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन जास्त वेळ पडतं. तिथे सालई, धावडा, मोई अशी तहान सोसणारी झाडं. उत्तरेकडचा उतार त्या मानाने ओलसर, तिथे रान दाट. नाल्यात उतरलं की अर्जुन, जांभूळ, उंबर. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना आपण साधारण सातशे मीटर चढतो. दर हजार मीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे चार-पाच अंशांचा फरक. खाली एप्रिलच्या सावलीतही घाम फुटतो आणि वर संध्याकाळी अंगावर चादर लागते. तो फरक झाडांनाही कळतो. वैराटच्या माथ्यापर्यंत, म्हणजे ११७८ मीटरपर्यंत, झाडांची पंगत बदलत जाते.

याचा व्यवहारातला अर्थ महत्त्वाचा. 'मेळघाटात कोणती झाडं लावावी' या प्रश्नाला एक उत्तर असूच शकत नाही. कोणत्या उताराला, किती मातीत, हे आधी विचारावं लागतं.

पोट्टे येतात कुठून

माणसाने न लावता जंगल स्वतःच आपली पुढची पिढी उभी करतं, याला 'नैसर्गिक पुनर्निर्मिती' म्हणतात. हा अवघड शब्द एकदाच वापरतो. पुढे आपण 'उगवण' म्हणू.

उगवणीच्या वाटा तीन. पहिली बियांची. सागाचं फळ दगडासारखं कठीण. रोपवाटिकेत ते रात्री भिजवतात, दिवसा वाळवतात, असं कितीतरी दिवस चालतं तेव्हा कुठे मोड येतो. रानात हेच काम पाऊस आणि ऊन करतात, काही बियांना त्यात दोन-तीन वर्षंही जातात. मोहाचं उलटं. त्याची बी पावसाच्या तोंडावर पडते आणि ताजी असतानाच रुजते. ठेवून दिली तर थोड्याच आठवड्यांत मरते. बांबू तर आणखी न्यारा. काही दशकांतून एकदा सगळी रांजी एकदम फुलते, बी टाकते आणि मरून जाते. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत त्या कोवळ्या बांबूला गुरं आणि आग यांपासून राखलं नाही तर पुढची संधी नातवाच्या काळात.

बी पेरायला मजूर लागतात ते रानातलेच. अस्वल बहाव्याची शेंग आणि टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, खातं आणि विष्ठेतून बी दूर टाकतं. मोहाची फळं वटवाघळं उचलून नेतात आणि गर खाऊन बी दुसरीकडे सोडतात. रानातून अस्वल, धनेश, चितळ गेले तर झाडं काही काळ तशीच उभी राहतात, पेरणी मात्र थांबते.

दुसरी वाट खुंटावरची फूट. तोडलेल्या सागाच्या खुंटावर पुढच्या पावसात पाच-सात धुमारे येतात, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलं आहे. तिसरी वाट मुळांची. तेंदू आणि पळस यांची मुळं जमिनीखालून पसरतात आणि लांबवर नवीन झाड वर काढतात. धुऱ्यावरचा (बांधावरचा) पळस खणून खणून थकलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मोईचा तर कुंपणाला रोवलेला दांडाच पावसाळ्यात पानं काढतो.

पहिलीत नापास, पण मूळ वरच्या वर्गात

या सगळ्यात मला सर्वांत चकित केलं ते पुढच्या गोष्टीने. साग, बिजा, तेंदू यांचं बोटभर रोप उन्हाळ्यात वाळून किंवा आगीत जळून जातं. आपण म्हणतो मेलं. जुलैत त्याच जागी पुन्हा दोन पानं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मेलं, पुन्हा फुटलं. असं वर्षानुवर्षं चालतं. खणून पाहिलं तर वरचं खोड पेन्सिलीएवढं आणि खालचं मूळ मनगटाएवढं. वरून पाहणाऱ्याला पोर दरवर्षी पहिलीतच नापास होताना दिसतं, आणि मूळ मात्र गुपचूप वरच्या वर्गात गेलेलं असतं. एखादं वर्ष बरं मिळालं, वरून ऊन आलं आणि दोन-तीन उन्हाळे आग टळली, की ते एका दमात डोक्याच्या वर जातं.

ज्यांनी वावरात सागाचे स्टंप लावले त्यांना हे मान्य व्हायला हरकत नाही. स्टंप म्हणजे काय, वर्षभराच्या रोपाचं खोड कापून टाकलेलं आणि मूळ ठेवलेलं. त्याच मुळाच्या जोरावर पुढचा साग उभा राहतो.

वरून ऊन कधी येतं? एखादा म्हातारा पडतो तेव्हा. छतात भोक पडतं, खाली उजेडाचा तुकडा उतरतो आणि त्याची वाट पाहत बसलेली सगळी मुळं शर्यतीला लागतात. पण वाट पाहणारं खाली कोणी असलं तर. नसलं तर ती जागा रायमुनिया घेते. पुस्तकात तिला घाणेरी म्हणतात. ती हिरवीगार असते, खाली उजेड पडू देत नाही आणि तिच्याखाली दुसऱ्या कोणाचं पोर वाढत नाही. नुसती कापली तर दुप्पट जोमाने येते. जमिनीच्या दोन-तीन इंच खाली मूळ तोडून झुडूप उलटं करून ठेवावं लागतं, आणि दोन-तीन पावसाळे तिच्या नव्या रोपांच्या मागे राहावं लागतं.

"आग तर पहिलेपासूनच लागते, साग मरते का?"

मरत नाही. अडचण तिथेच आहे. दरवर्षी आग लागली की पुन्हा पुन्हा फुटू शकणाऱ्या मोजक्या जाती टिकतात, बाकीच्या पोरांची नावं पटावरून कमी होतात. काही वर्षांनी टेकडी हिरवी असते, पण दोन-चार जातींचीच. आग कधीमधी लागणं हे या कोरड्या पानगळी रानाला नवीन नाही. दर मार्चला लागणं वेगळं. चिवट मूळही दरवर्षीच्या मारापुढे शेवटी थकतं.

डोंगरावर आगीचा स्वभाव आणखी वाईट. ज्वाळा वर झुकते आणि पुढचं गवत आधीच तापवून ठेवते, म्हणून आग उतारापेक्षा चढावर जोरात धावते. ढोबळ हिशेब असा, की चढ दहा अंशांनी वाढला तर वेग दुप्पट. सपाट वावरात धुरा पेटवणाऱ्या माणसाचा अंदाज टेकडीवर म्हणूनच चुकतो.

आणि पाला जळाला की उघडी पडलेली माती पहिल्याच वळवाच्या पावसात खाली येते. सपाटीवर ती शेजारच्या वावरात जाते, डोंगरावरून ती धरणात जाते.

"मंग झाडं लावून टाका ना"

लावलीच आहेत. राज्यात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडं लावण्याच्या मोहिमा झाल्या. त्यातलं किती जगलं हा वाद मी इथे काढत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. सगळीच्या सगळी जगली तरी ती एकाच वर्गात बसतात. एकाच दिवशी लावलेली, एकाच उंचीची, बहुतेकदा एक-दोन जातींची.

पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, काही ठिकाणी बी उगवलं नाही तर आपण काय करतो? नांगे भरतो. उभं पीक वखरून पुन्हा पेरत नाही. टेकडीवर मुळं जिवंत असताना ओळीने खड्डे खोदणं म्हणजे उभ्या पिकात वखर घालणं. आधी पट घ्यावा, जिथे खरोखर रिकामं आहे तिथेच रोप लावावं. खुंटावरच्या सात धुमाऱ्यांपैकी एक-दोन चांगले ठेवून बाकीचे छाटावे. याला रोपवाटिका लागत नाही, टँकर लागत नाही, आणि उद्घाटनाला फोटोही चांगला येत नाही. हे मागे पडण्याचं एक कारण ते असावं, अशी मला शंका आहे.

लावणं सगळीकडे चूक आहे, असं मात्र नाही. जिथे मुरूम काढून डोंगर खरवडला, माती उरली नाही आणि आसपास बी देणारं झाडही नाही, तिथे आधी पाणी अडवून माती धरावी लागेल आणि मग झाडंही लावावीच लागतील.

"म्हणजे मोहफुलं वेचू नाही का आम्ही?"

हा काकांचा खरा प्रश्न. याचं उत्तर देताना मला आनंद झाला, कारण ते त्यांच्या बाजूचं आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे खाली पडतं ते मोहाचं पूर्ण फूल नसतं, ती फक्त त्याची गोड, मांसल पाकळ्यांची टोपी असते. फळ ज्यातून होणार तो भाग झाडावरच राहतो. म्हणजे पडलेली टोपली-टोपली फुलं वेचली तरी त्याने फळ कमी होत नाही.

मग पोरं गेली कुठे? फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तिथे गेली. त्यात आधीच्या वर्षांची सगळी रोपं जळतात, आणि ती आग झाडाखाली थांबेलच असं नाही. उरलेलं जूनमध्ये होतं. तेलासाठी बियाही वेचल्या जातात, आणि मोहाची बी पुढच्या वर्षासाठी थांबत नाही हे वर आलंच आहे. फुलं सगळी घ्या, बियांतल्या काही राहू द्या, पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला करा किंवा खाली जाळी अंथरा. मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत काही गावांत जाळ्या वापरल्याही जातात. तेंदूचंही तसंच. नवी कोवळी पानं यावीत म्हणून झुडपं जाळण्यापेक्षा छाटली तरी पानं येतात. चारोळीची गोष्ट जास्त बिकट. दुसऱ्याने आधी तोडू नये म्हणून कच्चीच तोडायची, तीही फांदीसकट, अशी स्पर्धा लागली की झाडाला बी टाकायला उसंतच मिळत नाही. टेकडी कोणाचीच नसते तेव्हा अशी घाई होते.

म्हणून जंगलाच्या उगवणीचा धागा थेट हक्काला जाऊन मिळतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात गावाला आपलं जंगल सांभाळण्याचा सामूहिक हक्क मिळू शकतो. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्ये मिळाला. आपल्या अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीरला २०१२ मध्ये मिळाला. पायविहीरच्या लोकांनी उजाड टेकडी राखली आणि तिथल्या सीताफळांची विक्री सुरू केली. गावाने नियम केला, की कच्चं तोडणाऱ्याला शेजारीच हटकतो.

"अन् शेळ्या काय खातीन?"

सगळं रान बंद करा, असं कोणी शहाणा म्हणणार नाही. चार भाग करा. एक भाग रोपं गुरांच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत बंद, बाकीचे उघडे, मग बदल. बंद भागातलं गवत उभं वाळलं तर तेच आगीचं सरपण होतं, म्हणून ते कापून आणावंच लागतं. गाई-म्हशी मुख्यतः गवत खातात, शेळी शेंडा खुडते. त्यामुळे शेळ्यांना आधी बाहेर ठेवावं लागतं. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचे पैसे दिले नाहीत.

खाली दर्यापूरला याचं काय?

दर्यापूर पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे. तिथे विहीर खोदली तर पाणी खारट लागतं. वान, शहानूर, चंद्रभागा, सापन ही धरणं मेळघाटातून उतरणाऱ्या नद्यांवर आहेत, आणि वान-शहानूरचं गोडं पाणी नळाने खारपाणपट्ट्यातल्या गावांपर्यंत जातं. जंगल पाणी 'तयार' करतं असं लोक म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. झाडं स्वतःही भरपूर पाणी पितात. पण चार मजल्यांवरून उतरलेला पाऊस जमिनीवर आपटत नाही, पाल्यात थबकतो, मुळांच्या वाटेने मुरतो आणि दिवाळीनंतरही नाल्यातून थोडा थोडा येत राहतो. मजले गेले की तेच पाणी चार तासांत गाळ घेऊन खाली येतं. गाळाने धरण भरलं की दर्यापूरच्या नळाला हंड्यांची रांग वाढते.

काकांचं पोट्टं

गेल्या वर्षी मार्चमध्ये काकांनी एका मोहाखालचा पाला पेटवला नाही, काटेरी फांदीने ओढून बाजूला केला. जूनमध्ये तिथल्या काही बिया उचलल्या नाहीत. ऑगस्टमध्ये मला मुद्दाम नेऊन दाखवलं, तीन रोपं होती, भोवती बोराट्यांची कुंपाटी. नोव्हेंबरात त्यांच्याच एका बोकडाने कुंपाटीतून मान घालून तिन्ही साफ केली. काका महिनाभर टपरीवर त्या विषयावर बोलले नाहीत. या जुलैत त्यांचा फोन आला. "गुरुजी, या. दोन मेले, पन एकाच्या बुडातून फूट आली. दोन पानं हायेत. बोकड इकून टाकला."